डॉक्टरचा नंबर आणि रुग्णालयाचं कार्ड

गुहागर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या धाकट्या भावाला कंबरेपासून पायात कळ जाते आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आहे. गुरुजींची मुलगी अमेरिकेत असते. तिने तिथल्या एका रेडिऑलॉजिस्टची, म्हणजे स्कॅन वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरची, माहिती वडिलांना पाठवली: शिक्षण, परवाना, बोर्डाचं प्रमाणपत्र आणि तो मेडिकेअर स्वीकारतो की नाही, सगळं एका ठिकाणी. खाली विचारलं, ‘बाबा, काकांचा एमआरआय वाचणारा कोण आहे, आणि तो सरकारी योजनेत आहे का, हे पाहिलंत का?’ गुरुजींना ते पाहायचं कुठे हेच कळेना.

मी चिपळूणला सव्वीस वर्षं रेडिऑलॉजिस्टचंच काम करतो. आमच्या काउंटरवर पहिला प्रश्न असतो, ‘तुमच्याकडे सरकारी योजनेचं कार्ड चालतं का?’ डॉक्टर कोण, हे विचारणारा महिन्यातून एखादा. त्यामुळे मुलीचा प्रश्न मला आवडला. फक्त त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि ते सोडवल्याशिवाय उत्तर देता येत नाही. आपल्याकडे पात्रता डॉक्टरची तपासायची आणि योजना रुग्णालयाची.

अमेरिकेत ते एकत्र का दिसतं, ते आधी सांगतो. तिथे मेडिकेअर ही मुख्यतः 65 वर्षांवरच्यांची सरकारी विमा योजना आहे, 1965 च्या कायद्याने आलेली. तिच्यात प्रत्येक डॉक्टर स्वतःच्या नावाने नोंद करतो, त्याला दहा आकडी ओळख क्रमांक असतो. स्कॅनचं बिलही दोन तुकड्यांत येऊ शकतं, एक मशीन आणि तंत्रज्ञाचं, दुसरं रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरचं. म्हणून ‘हा डॉक्टर मेडिकेअर घेतो का’ याला तिथे अर्थ आहे. घेत असेल तर मेडिकेअरने ठरवलेली रक्कम तो पूर्ण मोबदला म्हणून मान्य करतो आणि ठरावीक वजावटीनंतर रुग्णाला साधारण 20 टक्के भरावे लागतात. बोर्डाचं प्रमाणपत्र हा तिसराच प्रकार. राज्याचा परवाना असला की डॉक्टरला काम करता येतं. त्यापुढची परीक्षा अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिऑलॉजी घेतं आणि ती देणं कायद्याने सक्तीचं नाही, पण रुग्णालयं सहसा तिच्याशिवाय घेत नाहीत.

आपल्याकडे माझ्या नावाने महात्मा फुले योजनेचं, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेचं, कुठलंही बिल निघत नाही, निघूच शकत नाही. योजनेशी करार रुग्णालय करतं. रुग्णालयाला एका उपचाराचं ठरलेलं पॅकेज मिळतं, त्यातच एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी सगळं आलं आणि रेडिऑलॉजिस्टला काय द्यायचं ते रुग्णालय बघतं. तेव्हा ‘हा रेडिऑलॉजिस्ट योजनेत आहे का’ असं विचारलंत तर समोरचा गोंधळेल किंवा घाईत काहीतरी ‘हो’ म्हणून टाकेल.

आता पात्रता. नावापुढची अक्षरं वाचायला शिका. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा एमडी (रेडिओडायग्नोसिस) किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीएनबी, आणि दोन वर्षांचा डिप्लोमा म्हणजे डीएमआरडी किंवा डीएमआरई. जुन्या पिढीतले कोकणातले कितीतरी रेडिऑलॉजिस्ट डिप्लोमावाले आहेत आणि त्यांच्यापैकी काहींचा डोळा एमडीवाल्यांना लाजवेल असा आहे, हे मी एमडी असून सांगतो. एफआरसीआर ही विलायतेची परीक्षा. ‘कन्सल्टंट रेडिऑलॉजिस्ट’ ही मात्र पदवी नाही, ते पाटीवर रंगवता येतं. ‘सोनोलॉजिस्ट’ हा शब्द दिसला तर थांबून विचारा. तो रेडिऑलॉजिस्ट असेल, स्त्रीरोगतज्ज्ञ असेल किंवा सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस असेल. 2014 च्या नियमांनुसार त्या प्रशिक्षणानंतर पोटाची सोनोग्राफी करायला कायद्याची हरकत नाही. पण त्या बळावर कुणी मणक्याचा एमआरआय वाचत असेल तर मी माझ्या भावाला तिथे पाठवणार नाही.

एक गैरसमज जाता जाता. आमच्याकडे येऊन ‘डॉक्टर, किरण किती द्यायचे?’ विचारणारे अजून भेटतात. किरण देऊन कर्करोगावर उपचार करतात तो रेडिओथेरपीचा डॉक्टर. आम्ही चित्र काढून वाचणारे.

अक्षरं खरी आहेत का, ते नंबरावरून कळतं. महाराष्ट्रात काम करणाऱ्या प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. त्यासाठी तेवढ्या काळात शिक्षणाचे 30 गुण जमवावे लागतात. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून कुणालाही शोधता येतं. देशभराची नोंदवही राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडे आहे, जो 2020 साली जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी आला. शोधताना फक्त नाव आहे यावर समाधान मानू नका. ‘अतिरिक्त पात्रता’ या रकान्यात रेडिऑलॉजीची पदवी चढलेली आहे का ते बघा. नुसतं एमबीबीएस दिसत असेल तर दोन शक्यता आहेत. एक म्हणजे पदवी आहे पण नोंद चढवायचा आळस केला, आमच्यात असे महाभाग आहेत. दुसरी शक्यता तुम्हाला कळलीच असेल. सरळ विचारा. खरा असेल तो प्रमाणपत्र दाखवतो, रागावत नाही.

हा नंबर तुमच्या हातात असायलाच हवा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने तो दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र, पैशांची पावती या सगळ्यांवर लिहायचा. त्यामुळे रिपोर्टच्या शेवटी सहीखाली नाव आहे पण नंबर नाही, असा कागद मी अर्धवट समजतो.

हे मी इतकं ताणून का सांगतोय त्यालाही कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई पोटाच्या सीटीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. दुसऱ्या एका सेंटरचा होता. रिपोर्टात लिहिलं होतं, गर्भाशय आणि अंडाशय नॉर्मल. बाई म्हणाल्या, ‘अहो, माझी पिशवी काढून बारा वर्षं झाली.’ सहीखालचं नाव ओळखीचं निघालं, माझ्याच बॅचचा मित्र, तेव्हा पुण्यात होता. मी फोन केला. त्याने तो स्कॅन पाहिलेलाच नव्हता. त्याने वर्षभरापूर्वी तिथलं काम सोडलं होतं, सहीचं चित्र मात्र संगणकात राहिलं होतं आणि तेच चिकटवून रिपोर्ट बाहेर पडत होते. मित्राने कौन्सिलकडे लेखी कळवलं, मी बाईंचा स्कॅन नव्याने वाचून दिला. रिपोर्ट दुरून वाचला जाणं वाईट नाही. आमच्या किनाऱ्यावर ते बंद झालं तर रात्री दोन वाजता डोक्याचा सीटी वाचायला माणूस मिळणार नाही. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत कित्येक ठिकाणी मशीन आहे, तंत्रज्ञ आहे आणि वाचणारा मुंबईत किंवा पुण्यात बसलेला आहे. तो खरा असावा, त्याचा नंबर खरा असावा आणि स्थानिक डॉक्टरने फोन केला तर त्याने उचलावा, एवढीच अपेक्षा. काउंटरवर बिनधास्त विचारा, ‘हा रिपोर्ट कोण वाचणार आणि आमच्या डॉक्टरांना त्यांच्याशी बोलता येईल का?’

सोनोग्राफीचं गणित वेगळं. तिथे गर्भलिंग निदानाविरुद्धचा 1994 चा कायदा आहे. त्याआधी 1988 मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता, देशात पहिला. त्यामुळे सोनोग्राफीच्या केंद्राची नोंदणी असते, ती पाच वर्षांची असते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. मशीनचं मॉडेल, तिथे काम करणारे डॉक्टर, सगळं त्या नोंदणीच्या कागदांत असतं. त्यात नाव नसलेला डॉक्टर, तो कितीही मोठा असो, त्या मशीनवर हात ठेवू शकत नाही. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते. हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की ‘डॉक्टर मंगळवारी येतात’ हे वाक्य गरोदर बायकांना पाठ झालंय.

एक्स-रे आणि सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, कारण त्यात किरणोत्सर्ग आहे. दर दोन वर्षांनी मशीनची गुणवत्ता चाचणी करून घ्यावी लागते, कर्मचाऱ्यांच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असावा लागतो. तो बिल्ला हुकाला टांगलेला दिसला तर समजा कारभार कसा आहे. एमआरआय आणि सोनोग्राफीत असे किरण नसतात, म्हणून हा परवाना एमआरआयला विचारू नका. खाऱ्या हवेत मशीनं जपणं हा आमचा निराळाच संसार आहे. एसी एक दिवस बंद पडला की बोर्डांवर दमट हवा बसते, आणि 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा काय झालं ते चिपळूणकरांना सांगायला नको.

नंबराने न कळणारी गोष्ट एकच, पण मोठी. कुणी कुणाला किती टक्के देतो ते. आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं मना आहे, आणि तरी ‘कट’ हा शब्द मराठीत सगळ्यांना कळतो. डॉक्टरने एकाच सेंटरचा आग्रह धरला तर ‘दुसरीकडे केला तर चालेल ना?’ एवढंच विचारा. मशीन चांगलं, वाचणारा विश्वासाचा म्हणून आग्रह असेल तर तो तसं सांगेल.

आता कार्ड. 2012 च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात कोकणातला रायगड होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि 2020 मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. 1 जुलै 2024 पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपये. कुटुंबाला, माणशी नव्हे. एकाच्या शस्त्रक्रियेत तीन लाख गेले तर त्या वर्षी बाकीच्यांना मिळून दोन उरले.

आणि गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. यादीतला उपचार, करारातलं रुग्णालय आणि आधी मिळालेली मंजुरी, ही तिन्ही जुळली की त्यातला स्कॅन फुकट. आयुष्मान भारतच्या व्याख्येत दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस यांतल्या तपासण्याही पॅकेजमध्ये धरल्या आहेत. पण चिठ्ठी घेऊन चालत आलेल्या माणसाचा सुटा एमआरआय त्यात बसत नाही. माझ्या सेंटरवर बसत नाही आणि करारातल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही बसत नाही. लोकांना हे पटत नाही. ‘पाच लाखांचं कार्ड आहे आणि काही हजारांचा एमआरआय होत नाही?’ राग बरोबर आहे, पण काउंटरवरच्या मुलीवर काढू नका.

यावर एक देशी तोडगा निघालाय. दोन दिवस दाखल दाखवायचं आणि एमआरआय करून घ्यायचा. कुणी सुचवलं तर नाही म्हणा. कागदावर तुमच्या भावाच्या नावे एक खोटा आजार चढतो, कुटुंबाच्या मर्यादेतले पैसे जातात आणि पुढे खरंच शस्त्रक्रिया लागली तर आधीच्या नोंदीवरून मंजुरी अडकते.

उलट बाजूही बघा, कारण तिथे लोक नाहक पैसे भरतात. हर्णैचा एक खलाशी होडीवर घसरून डोक्यावर पडला. योजनेतल्या एका रुग्णालयात दाखल होता, तिथलं सीटी मशीन बंद होतं, म्हणून रुग्णवाहिकेने आमच्याकडे पाठवलं. मुलाने काउंटरवर खिशातून घडी घातलेल्या ओलसर नोटा काढल्या आणि मोजायला लागला. मी विचारलं, केस योजनेत लावलीय का? तर लावलेली. मग पैसे त्याने भरायचे कारण नव्हतं. मंजूर उपचारासाठी तपासणी बाहेरून करावी लागली तर तो खर्च रुग्णालयाचा. आम्ही स्कॅन केला, बिल रुग्णालयाच्या नावाने काढलं आणि मुलाला आरोग्यमित्राकडे पाठवलं. दोन फोन झाले, थोडी कुरकुर झाली, मिटलं. आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा मदतनीस, तो प्रत्येक करारातल्या रुग्णालयात बसतो. तो रुग्णालयाचा नोकर नसतो, हे लक्षात ठेवलं तर त्याच्याशी बोलताना आवाज आपोआप नीट लागतो. तो जागेवर नसेल तर 155388 हा योजनेचा टोल-फ्री क्रमांक आहे. कुठलं रुग्णालय सध्या यादीत आहे आणि कुठल्या आजारासाठी आहे, हेही तिथे कळतं. दुसरा भाग महत्त्वाचा. एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असतं, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नसतं.

चाकरमान्यांच्या घरात एक घोळ कायम. रेशनकार्ड परळचं, आजारी आई गुहागरला. मुलगा म्हणतो, ‘कार्ड मुंबईचं, इथे कसं चालेल?’ चालतं. कार्ड महाराष्ट्राचं असलं आणि रुग्णालय यादीतलं असलं की झालं, मग ते डेरवण असो, कोल्हापूर असो की मुंबई. अडतं ते नावावर. आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर माहेरचं, आणि हे कळतं रात्री अकराला आणीबाणीत. आयुष्मान कार्ड आधीच, धडधाकट असताना काढून ठेवा. गुरुजी, तुमचं वय 70 झालं असेल तर तुम्हाला वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं आयुष्मान कार्ड, मिळेल, 2024 च्या ऑक्टोबरपासून ते उत्पन्न न बघता देतात.

सुट्या स्कॅनचे पैसे देणाऱ्या काही सरकारी वाटा आहेत, पण त्या ठरावीक लोकांना. खेड-दापोली पट्ट्यात माजी सैनिकांची घरं बरीच. त्यांच्या ईसीएचएस योजनेत तपासणी केंद्रांशीही थेट करार होतो आणि योजनेच्या दवाखान्याची, म्हणजे पॉलिक्लिनिकची, रेफरल चिठ्ठी असली की बाहेरचा एमआरआय निघतो. चिठ्ठी आधी, स्कॅन नंतर. उलट केलंत तर पैसे अडकले. केंद्र सरकारच्या निवृत्तांच्या सीजीएचएसचं तंत्रही साधारण असंच. लोटे-परशुरामच्या कारखान्यांत दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयसीत, म्हणजे कामगार विमा योजनेत असतो, त्याने तिच्या दवाखान्यातून रेफर करून घ्यावं. यातलं काहीच लागू नसेल तर सरकारी रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं दुसऱ्या खात्यात येतात, तिथे सरकारी दराने पैसे लागू शकतात, पण खासगीच्या मानाने किरकोळ. अडचण रांगेची.

आता भाऊंबद्दल. पायात जाणारी कळ नवी असेल, पायातली ताकद शाबूत असेल, तर बहुतेक वेळा काही आठवडे औषध आणि व्यायामाने ती उतरते आणि एमआरआय थांबू शकतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा, सहा आठवडे थांबलो तर चालेल का? मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पाऊल उचलताना खाली लोंबायला लागलं, ताप आहे किंवा पूर्वी कर्करोग झालेला आहे, तर थांबायचं नाही आणि मग सुटा एमआरआय करत बसायचंही नाही. सरळ मणक्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या, योजनेतल्या रुग्णालयात न्या. तिथे दाखल झाल्यावर होणारा एमआरआय पॅकेजचा.

साधाच करायचा ठरला तर पैसे भरण्याआधी रिपोर्ट वाचणाऱ्याचं नाव आणि नंबर कागदावर मागून घ्या आणि मुलीला पाठवा, ती दोन मिनिटांत कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघेल. फिल्मबरोबर सीडीही मागा, दुसऱ्या कुणाला वाचायची तर फिल्मपेक्षा तीच उपयोगी पडते. आणि भाऊंचे जुने एक्स-रे असतील ते घेऊन या. पावसाळ्यात एकमेकांना चिकटले असतील तर ओढून सोडवू नका, आहेत तसेच आणा, आम्ही सोडवतो.